आधी पाणी मागावं

सिस्टरांवर मी लिहावं की नाही, हे ठरवण्यातच चार महिने गेले. त्यांना तीस-तीस वर्षं ओळखणारी माणसं या शहरात आहेत, लासूर स्टेशनला आहेत, बिडकीनकडच्या कितीतरी वस्त्यांवर आहेत. मला त्या जेमतेम दीड वर्ष लाभल्या. शिवाय आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. लिहायचं ते परीक्षेत, आणि तेही विचारलं तेवढंच, एवढीच मला सवय. त्यामुळे सिस्टरांवर ज्यांचा माझ्यापेक्षा जास्त हक्क आहे, त्यांनी हे वाचून नाराज होऊ नये. मला धीर एकाच गोष्टीचा आहे. एक माणूस बोललं ते दुसऱ्या माणसापर्यंत जसंच्या तसं न्यायचं, हे काम मला सिस्टरांनी शिकवलं. इथं तेवढंच करतो आहे.

सिस्टर कुणाच्याही दारात गेल्या की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "बाई, पाणी द्या थोडं." ऊन असो, थंडी असो, आत्ताच मागच्या घरी पाणी झालेलं असो. खांद्यावरच्या कापडी पिशवीत त्यांची स्वतःची भरलेली बाटली असायची, पण तिला हात लावायच्या नाहीत. पाणी येईपर्यंत उंबऱ्याच्या आत भुईवर बसायच्या. कुणी खुर्ची आणली तर "खुर्चीत माझे पाय लोंबकळतात" म्हणायच्या. पाणी आलं की सगळं प्यायच्या, आणि ते कितीही कोमट असलं तरी म्हणायच्या, "गार आहे हो." मगच बोलायला सुरुवात.

त्या दवाखान्यातल्या सिस्टर. सगळी नोकरी आरोग्य उपकेंद्रांत, गावोगाव पायी फिरून झालेली. निवृत्तीनंतर शहरातच, गारखेड्यात दोन खोल्यांचं घर घेऊन राहिल्या. लेक लग्न होऊन पुण्याला. एक संस्था दर हिवाळ्यात वेगवेगळ्या देशांतल्या कॉलेजच्या मुलामुलींना आमच्या शहरात आणते. जगाचा विकास म्हणतात तो कुणापर्यंत पोचतो आणि कुणाच्या दाराशी येऊन थांबतो, हे ज्यांना शिकायचं आहे अशी ही मुलं. पाच आठवडे ती आमच्यासारख्या इथल्या विद्यार्थ्यांना घेऊन गावांत जातात, माणसांशी बोलतात, लिहून घेतात. पुढं आमच्यातल्या एक-दोघांनी त्यांच्या देशात जायचं आणि हेच करायचं. या मुलांना गाव दाखवायचं काम सिस्टरांकडं होतं, आणि त्यांचं बोलणं इकडून तिकडं न्यायचं काम माझ्याकडं. माझं इंग्रजी पुस्तकातलं होतं, पण आमच्या वर्गात तेवढंही दुसऱ्या कुणाकडं नव्हतं.

पहिल्याच दिवशी एका पाहुण्या मुलानं अदबीनं हात जोडून सिस्टरांना विचारलं, की तुमचं चर्च कुठं आहे? मी भीतभीत मराठीत सांगितलं. सिस्टर इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "सांग त्याला, माझं चर्च म्हणजे उपकेंद्र होतं. छपरातून पाणी गळायचं, आणि येणारा प्रत्येक जण रडतच यायचा." मी सांगितलं. ते सगळं त्या मुलानं वहीत लिहून घेतलं.

मला त्या नावानं कधी हाक मारत नसत. "काय दुभाषे," म्हणायच्या, जणू मी मोठा दरबारी माणूस आहे. घड्याळ त्या मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत. नाडी मोजून मोजून लागलेली सवय. आपण बोलत असताना त्यांची नजर तिथं जायची आणि वाटायचं, या आपलं बोलणं मोजताहेत. त्या खरोखरच मोजत असत. एकदा एका म्हाताऱ्या बाबांचं उत्तर मी पाहुण्यांना इंग्रजीत ऐटीत समजावून सांगितलं. बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "तू चार मिनिटं बोललास. बाबा अर्धा मिनिट बोलले होते. बाकीचं कुठून आणलंस?" मी म्हणालो, जरा समजावून सांगितलं. "समजावू नको. ते जसं बोलले तसं दे. समजायचं काम त्यांचं त्यांना करू दे, त्यासाठीच एवढ्या लांबून आलेत."

रिक्षात बसल्या की त्यांची भाषा बदलायची. "हल्लू चलाओ मियाँ, मेहमान नये हैं, हड्डियाँ मेरी पुरानी हैं." रिक्षावाला वळून सलाम करायचा, कारण बहुतेक वेळा त्याच्या घरचं कुणीतरी सिस्टरांच्या हातावर जन्मलेलं असायचं.

पाणी का मागायचं, हे त्यांनी पाहुण्यांना शिकवलं ते हिशेबी भाषेत. "पाणी मागितलं की घर कळतं. कुठून आणतात बघ. कशात आणतात बघ. आणायला किती वेळ लागतो बघ. आत कुणी कुणाला आणायला सांगतं, ते ऐक. तुमचा अर्धा सर्व्हे तिथंच होतो." मुलांना हे फार आवडलं. पण संस्थेनं त्यांना एक छापील यादी दिली होती, आणि तिच्यात दुसऱ्याच क्रमांकावर होतं, की बाटलीबंद पाण्याशिवाय कुठलंही पाणी पिऊ नये. सिस्टरांनी त्यावर तोड काढली होती. त्या आधी स्वतः पाणी मागून प्यायच्या, दुभाष्यानंही प्यायचं, आणि मग घरातल्या बाईला मोकळेपणानं सांगायचं, "या लेकरांच्या पोटाला आपलं पाणी सोसत नाही बाई, चहा उकळा त्यांच्यासाठी." बाई हसायच्या, चहा यायचा, कुणाचा मान मोडायचा नाही. या पद्धतीत कधी अडचण आली नव्हती. आली ती माझ्यामुळे.

त्या हिवाळ्यात पाहुण्यांत घानाहून आलेली आबेना नावाची मुलगी होती. शांत, उंच, वहीत बारीक अक्षरात लिहिणारी. आम्ही चौघं, म्हणजे आबेना, आणखी दोन पाहुणे आणि मी, सिस्टरांबरोबर बिडकीनच्या पलीकडच्या एका गावात गेलो. गावापर्यंत कारखान्यांसाठी केलेला रुंद सिमेंटचा रस्ता आला होता, रस्त्याला दोन्हीकडून दिवे होते. सकाळी माजी सरपंचांच्या घरी मी सगळं शिकवल्याप्रमाणं केलं. पाणी मागितलं, प्यालो, चहाचं सांगितलं. दुपारी बौद्ध वस्तीवर जायचं होतं. वाटेत एका घरातून सिस्टरांना हाक आली; बाळंतीण पोरीला ताप होता. त्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं. कडूबाईच्या घरी बसा. दुभाषे, तुला ठाऊक आहे. आधी पाणी, मग चहाचं, मग बाकी."

कडूबाई सत्तरीच्या असतील. त्यांनी चटई टाकली, आणि आम्ही बसतो न बसतो तोच ताटलीत चार ग्लास घेऊन आल्या. स्टीलचे, घासून लख्ख केलेले. मी अजून पाणी मागितलं नव्हतं. चहाचंही सांगितलं नव्हतं. पाहुण्यांनी हसून, छातीवर हात ठेवून, आपापल्या बाटल्या दाखवल्या. कडूबाईंनी ताटली माझ्यापुढं धरली. "तू तर हितलाच दिसतो. तू घे."

"आत्ताच प्यालो आजी. तहान नाही."

"व्हय का," त्या म्हणाल्या. "बरं." ताटली घेऊन आत गेल्या.

आबेनानं विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं, 'या, स्वागत आहे' म्हणाल्या. मग आबेनानं वही उघडली आणि पाण्याचं विचारलं. कडूबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या, "नळ हाय. पाणी येतं. समदं बरं हाय." सगळ्याच प्रश्नांची उत्तरं तशीच आली. वीस मिनिटांत आम्ही बाहेर होतो.

संध्याकाळी गारखेड्याला सिस्टरांच्या बाहेरच्या खोलीत जेवता जेवता दिवसाचं वाचन व्हायचं. आबेनानं वाचलं, वस्तीवर पाण्याची अडचण नाही. सिस्टर भाकरी वाढत होत्या, त्यांचा हात थांबला.

"असं कडूबाई म्हणाली? कोणत्या शब्दांत?"

मी शब्द सांगितले.

"त्या वस्तीचा नळ दिवाळीपासून कोरडा आहे," सिस्टर म्हणाल्या. "आणि कडूबाई खोटं बोलणारी बाई नाही. तिनं तुमच्या तोंडावर दार लावून घेतलं. का लावलं?" मी ताटात बघत राहिलो. "पाणी मागितलंस का तिथं?"

"नाही."

"सकाळी मागितलंस?"

"हो."

"तिनं दिलं तर घेतलंस?"

"नाही."

त्यांनी मनगट वळवून घड्याळात बघितलं, जणू आत काही लिहिलेलं होतं. "या पोरांच्या हातात यादी आहे, त्यांचं मी समजू शकते. तुझं काय, दुभाषे?"

हे लिहिताना आजही हात अडतो. माझं गाव लासूर स्टेशनच्या पलीकडं. आमची चार एकर जमीन. आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात एक कानतुटका कप असायचा. शेतात कामाला येणाऱ्या ठराविक माणसांचा चहा त्यातच. त्याबद्दल मला कुणी कधी काही सांगितलं नव्हतं, सांगायची गरजच पडली नव्हती. समतेवरचं दहा मार्कांचं उत्तर मी कॉलेजात चांगलं लिहिलं होतं. त्या दुपारी माझी बाटली अर्धी रिकामी होती आणि मला तहान लागलेली होती. तरी माझ्या हातानं ग्लास घेतला नाही, आणि घेतला नाही हे मी स्वतःलाही कळू दिलं नाही.

सिस्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "उद्या साडेसातची एस.टी. आहे बिडकीनला," एवढं म्हणाल्या. "आणि आबेनाला आत्ता सांग काय झालं ते. कपासकट. माझ्यासमोर." मी सांगितलं. माझं इंग्रजी त्या दिवशी फारच अपुरं पडलं. आबेना जेवायची थांबली. मग म्हणाली, की आमच्याकडं पाहुणा आला की आधी बसायला देतात, मग पाणी देतात, आणि पाणी पिऊन झाल्यावरच विचारतात, कशासाठी आलात? पाणी नाकारलं तर तो भांडायला आला आहे असं समजतात. बाटली दाखवताना तिला आतून चुकल्यासारखं होत होतं, पण तिनं यादी पाळली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर, आबेना आणि मी, असे तिघंच गेलो. कडूबाई ओसरीत शेंगा निवडत होत्या. उठल्या नाहीत. "आज काय? काल लिवून नेलं की समदं."

सिस्टर त्या दिवशी आत गेल्या नाहीत, पाणी मागितलं नाही. अंगणात उभ्या राहून माझ्याकडं बघत राहिल्या. मी उंबऱ्याच्या आत भुईवर बसलो. "आजी, पाणी द्या थोडं."

"आज तहान लागली व्हय तुला?"

"काल पण लागली होती," मी म्हणालो.

शेंगा निवडणारा हात थांबला. "मंग काल का नाय म्हणलास?"

मी सांगितलं. गाव सांगितलं, गोठा सांगितला, कप सांगितला. पाहुण्यांच्या यादीचं सांगितलं, चहाचं सांगायचं माझ्याकडून राहिलं तेही सांगितलं. कडूबाई ऐकत होत्या. मग आबेनाकडं बोट करून म्हणाल्या, "हिनं बाटली दावली तवा मला वाटलं, ही पोरगी समिंदराच्या पल्याडून आली, तर हिलाबी कुणी आमचं सांगूनच धाडलं का काय."

सिस्टर अंगणातून म्हणाल्या, "दुभाषे." मी ते आबेनाला जसंच्या तसं सांगितलं. तिचे डोळे भरले.

कडूबाई उठल्या, आत गेल्या, तेच ग्लास घेऊन आल्या. आबेनानं कुणी काही म्हणायच्या आत ग्लास उचलला आणि तळापर्यंत रिकामा केला. "तू बी घे," मला म्हणाल्या, "का अजून बाटली हाय?" मी प्यालो. सिस्टर आत येऊन बसल्या, प्यायल्या आणि सवयीनं म्हणाल्या, "गार आहे हो."

"गार कसलं!" कडूबाई उसळल्या. "खारं हाय, खारं! बोरचं हाय ते. नळ दिवाळीपासून मेलाय. दिव्याचा रस्ता केला तवा पाइप फोडला, तो अजून तसाच हाय. वरल्या आळीला जोडून दिला, आमाला म्हणले बघू. मी दोन येळा पंचायतीत गेली..." आबेना भराभर लिहू लागली. दोन तासांत तिची वही भरली. शेवटी कडूबाईंनीच उलटं विचारलं, की तुझ्या नावाचा अर्थ काय? मंगळवारी जन्मलेली, असं कळल्यावर म्हणाल्या, "मंग तू आमची मंगल." आणि स्वतःचं सांगितलं, की आधीची दोन भावंडं गेली म्हणून माझं नाव कडू ठेवलं, कुणाची नजर लागू नये म्हणून. आबेना म्हणाली, आमच्याकडंही अशा लेकराचं नाव मुद्दाम वाईट ठेवतात. कडूबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "म्हंजी मरण तिकडं बी वेडंच हाय, नावाला फसतं!"

पुढचे दोन दिवस आबेनाचं पोट बिघडलं. सिस्टरांनी तिला साखर-मिठाचं पाणी आणि मऊ भात देऊन उभं केलं आणि यादी तिच्या उशाशी ठेवली. "दुसऱ्या क्रमांकात चूक नाही हो," म्हणाल्या. "फक्त माणसाच्या तोंडासमोर ती वाचायची नाही."

आबेनाच्या टिपणांवरून संस्थेनं तालुक्याला पत्र दिलं. नळ लगेच आला नाही. उन्हाळा निघून गेल्यावर आला. तो जोडून झाला तेव्हा कडूबाईंनी नातीच्या फोनवरून मला नळाचा फोटो पाठवला, पाणी चालू असलेला.

परतीच्या भेटीसाठी माझी निवड झाली. घानाला, आबेनाच्या आजोळच्या गावी, दोन महिने. आमच्या घरी कुणाला तो देश कुठं आहे हे माहीत नव्हतं, आणि आई ठाम नाही म्हणाली. वडील आईवर सोडून मोकळे झाले. मी सिस्टरांना सांगितलं तेव्हा मला वाटलं, त्या फोन करतील. त्या म्हणाल्या, "घरी येते." मी नको म्हणणार होतो. का नको, हे त्यांना कळलं असणार, म्हणूनच त्या आल्या.

आल्या, उंबऱ्याच्या आत भुईवर बसल्या. "बाई, पाणी द्या थोडं."

आईनं विचारलं, "कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

"लासूर स्टेशनची."

"कुणापैकी?"

"बौद्ध आहे मी, बाई."

आई आत गेली. जरा वेळ लागला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकचा ग्लास होता, चुलतबहिणीच्या लग्नातून उरलेल्या, वापरून टाकून द्यायच्या ग्लासांपैकी. वडील भुईवर काडीनं रेघा ओढत राहिले. मी उठलो, "आई, यात नको," म्हणालो. पण तोवर सिस्टरांनी ग्लास घेतला होता, सगळं पाणी प्यायल्या होत्या. "गार आहे हो," म्हणाल्या. मग अगदी सहज, "अजून थोडं मिळेल का?"

आई जागची हलली नाही. मी आत जाऊन घरातला तांब्या आणि आमचे दोन ग्लास आणले. एक त्यांना भरून दिला, एक मी घेतला. आईच्या तोंडाकडं बघायचा मला धीर झाला नाही.

सिस्टरांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. माझ्या जाण्याचं बोलू लागल्या. जेवणाचं, औषधांचं, फोनचं, सगळं सांगितलं. आईनं शेवटी तिच्या मनातलं विचारलं. "तिकडं याला कुणी ओळखत नाही. परक्या पोराला कुणी घरात घेईल का?"

"घेतील," सिस्टर म्हणाल्या. "आपण घेतो तसंच."

आठ दिवसांनी आईनं स्वतःच माझी बॅग काढून उन्हात टाकली.

त्या दिवशी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा मी माफी मागू लागलो. सिस्टरांनी हात झटकला. "तुझ्या आईनं दिलं ना? मी नोकरीला लागले तेव्हा काही घरी माझ्या हातून लेकराला सुई टोचून घ्यायचे, आणि पाणी मागितलं की लांबून ओंजळीत ओतायचे. तरी मी मागायची. मी मागायचं सोडलं असतं तर त्यांनी द्यायला कधी शिकायचं?" सर्व्हेचं कारण त्या पाहुण्यांना सांगत. हे कारण त्यांनी त्या एका दिवशीच सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी गारखेड्याला गेलो. त्यांनी साखर-मिठाच्या पुड्यांचं एक पाकीट बांधून ठेवलं होतं. दाराच्या तीन पायऱ्या उतरून मला सोडायला आल्या आणि कठड्याला धरून थांबल्या. दुसऱ्या हाताची बोटं स्वतःच्याच मनगटावर होती. मी विचारलं, काय झालं? "काही नाही. घड्याळ बरोबर चालतंय का बघते." एवढं एकच त्या माझ्याशी जसंच्या तसं बोलल्या नाहीत.

आबेनाच्या आजोळी लाल मातीचं अंगण होतं, मोठं आंब्याचं झाड होतं. तिच्या आजोबांनी मला लाकडी बैठक दिली, मग एका मामींनी पत्र्याच्या मोठ्या पेल्यात पाणी आणलं. माझ्याही खिशात यादी होती. दुसऱ्या क्रमांकावर तेच होतं. मी पेला दोन्ही हातांनी घेतला आणि पूर्ण प्यालो. तेव्हाच आजोबांनी प्रश्न विचारला आणि आबेनानं तो मला इंग्रजीत दिला. "कशासाठी आलास, असं विचारताहेत." मी सांगितलं, की आमच्याकडच्या एका सिस्टरांनी मला पाणी मागायला शिकवलं, पुढचं शिकायला इथं आलो. आबेनानं ते आपल्या भाषेत सांगितलं. ती किती वेळ बोलली हे मी घड्याळात बघितलं. बरोबर माझ्याइतकाच.

दोन दिवस पोट बिघडलं, पुड्या कामाला आल्या. सहाव्या आठवड्यात, थोडं सांगण्यासारखं जमल्यावर, मी हे सगळं बोलून सिस्टरांना पाठवलं. चांगलं सहा मिनिटांचं झालं, त्यांनी नक्की मोजलं असतं. फोनवर त्या निरोपापुढं एकच खूण उमटली, पोचल्याची दुसरी काही उमटेना. रविवारी आईला विचारलं. ती म्हणाली, "लेकीकडं गेल्या असतील पुण्याला. म्हातारं माणूस, फोन बंद राहिला असेल. तू जेवतोस ना नीट?" तिचा आवाज मला जरा घाईचा वाटला. मी पुढं विचारलं नाही. बुधवारीही खूण एकच होती.

गुरुवारी सकाळी आंब्याखाली बसलो होतो तेव्हा कडूबाईंच्या नातीच्या नंबरावरून एक बोललेला निरोप आला. तो मी इतक्या वेळा ऐकला आहे की पाठ झाला आहे. त्यातला एक शब्द इकडचा तिकडं न करता देतो.

"लेकरा, मी कडूबाई बोलते. तुझी आई म्हणली, पोरगं परमुलखात एकटं हाय, आल्यावर सांगू, आत्ता नको. पर सिस्टर म्हणायची, जसं हाय तसं सांगावं. म्हून सांगते. सिस्टर गेली रं. झोपेतच गेली, लई तरास नाय झाला तिला. आज आठ दिस झाले. काल जलदान विधी झाला. लेक आलती पुण्याहून, लासूरचे समदे आलते, रिक्षावाले आलते. मी हितंच हाय, गारखेड्यात, लेकीच्या सोबतीला. अन् तुझी आई आलती काल. मी वळखलं नाय, तिनंच तुझं नाव सांगितलं. खुर्ची दिली तर बसली नाय. उंबऱ्याच्या आत भुईवर बसली. बोलंना, रडंना, नुसती बसली. मंग मला म्हणली, बाई, पाणी द्या थोडं. मी दिलं. समदं प्याली. म्हणली, गार हाय हो."